कातरलेल्या चांदीचा भुर्दंड: इंग्लंडची १६९६ सालची नाणेसुधारणा

१६९५ सालच्या मे, जून आणि जुलै महिन्यांत इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात जमा झालेल्या चांदीच्या नाण्यांच्या ५७२ थैल्या तराजूत घातल्या गेल्या. थैलीमागे १०० पौंड, म्हणजे एकूण ५७,२०० पौंड रक्कम. कायद्याने ठरवलेल्या वजनाप्रमाणे ती २,२१,४१८ ट्रॉय औंस भरायला हवी होती. भरली १,१३,७७१ औंस. आपल्या मापात सुमारे ६,८८७ किलोंच्या जागी ३,५३९ किलो. मोजणीत एक नाणंही कमी नव्हतं, चांदी मात्र जवळजवळ निम्मी गायब होती.

अर्थखात्याचा सचिव विल्यम लाऊंड्स याने हा हिशेब त्याच सप्टेंबरात आपल्या अहवालात सरकारपुढे ठेवला. पुढच्या चार वर्षांत इंग्लंडने देशातली जवळजवळ सगळी जुनी चांदीची नाणी परत घेतली, वितळवली आणि नव्याने पाडली. या कामात आयझॅक न्यूटन उतरला, आणि विल्यम चॅलोनर नावाच्या नकली नाणी पाडणाऱ्याला त्याने फासापर्यंत नेलं. हे प्रकरण बहुतेक वेळा या दोघांची झुंज म्हणून सांगितलं जातं. झुंज विलक्षण आहे, आणि तिच्याकडे येऊच. पण मला इथे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: निम्मी चांदी गेली, तर तिचा भुर्दंड कोणी भरायचा? पार्लमेंटने त्याचं जे उत्तर दिलं ते अन्यायाचं होतं असं माझं मत आहे, आणि ज्या तत्त्वाच्या नावाने ते दिलं गेलं त्या तत्त्वाने नवी चांदीही देशात टिकवली नाही.

कात्री, कानस आणि कड

१६६०च्या दशकापर्यंत इंग्लंडची नाणी हातोड्याने पाडली जात. चांदीच्या पत्र्यातून चकती कापायची, ती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा हाताने धरून त्यावर घाव घालायचा. अशी चकती पूर्ण गोल क्वचितच येई, ठसा मधोमध बसेलच याची खात्री नसे, आणि दोन शिलिंगांची वजनं तंतोतंत जुळत नसत. कडेवर कुठलीच खूण नव्हती. कात्रीने कडेची बारीक पट्टी काढली आणि वरून कानस फिरवली की नाणं पहिल्यासारखंच दिसे. टांकसाळीतूनच वाकडं आलेलं नाणं कुठलं आणि नंतर कातरलेलं कुठलं, हे बाजारातल्या माणसाला ओळखता येत नसे. काही जण नाणी कातडी पिशवीत घालून खूप वेळ हलवत. एकमेकांवर घासून सुटलेली चांदीची भुकटी पिशवीत उरे आणि नाण्यांवर कात्रीची खूणही दिसत नसे.

यावर उपाय सापडलेला होता, हीच या प्रकरणातली दुःखाची गोष्ट. चार्ल्स दुसऱ्याच्या काळात, १६६२-६३ मध्ये, लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीत यंत्रं बसली. घोड्यांच्या जोरावर फिरणाऱ्या रुळांमधून चांदीचा पत्रा एकसारख्या जाडीचा निघू लागला, मोठ्या स्क्रूच्या दाबाखाली ठसा नीट मधोमध उमटू लागला. पीटर ब्लाँदो या फ्रेंच कारागिराने कडेवर खूण उमटवण्याची आपली युक्तीही सोबत आणली. क्राऊन आणि अर्धा क्राऊन या मोठ्या नाण्यांच्या कडेवर ‘डेकस एट टुटामेन’, म्हणजे शोभा आणि संरक्षण, अशी लॅटिन अक्षरं आली. लहान नाण्यांच्या कडेवर बारीक खाचा आल्या. कड कातरली की खूण जाणार आणि चोरी उघडी पडणार. आज आपल्या खिशातल्या काही नाण्यांच्या कडेवर ज्या खाचा असतात त्या याच कुळातल्या.

पण नवी नाणी बाजारात सोडताना जुनी परत घेतली गेली नाहीत. जुना कातरलेला शिलिंगही बारा पेन्सचा आणि यंत्रावरचा बंदा शिलिंगही बारा पेन्सचाच. कर भरताना, मजुरी देताना, उसने फेडताना दोन्ही सारखेच मोजले जात. मग शहाणा माणूस हातातलं कुठलं नाणं खर्च करील आणि कुठलं पेटीत ठेवील? तीस वर्षं टांकसाळ उत्तम नाणी पाडत राहिली आणि तीस वर्षं ती नाणी बाजारात फारशी दिसली नाहीत.

ती कुठे गेली हे आकड्यांवरून कळतं. एका ट्रॉय पौंड, म्हणजे बारा औंस, स्टर्लिंग चांदीतून टांकसाळ ६२ शिलिंग पाडत असे. पौंड रकमेला वीस शिलिंग आणि शिलिंगाला बारा पेन्स, त्यामुळे टांकसाळीच्या हिशेबात औंसाचा भाव ६२ पेन्स पडे. १६९५ मध्ये बाजारात तोच औंस ७७ पेन्सपर्यंत चढला होता. म्हणजे ६२ बंदे शिलिंग मुशीत टाकले की ७७ शिलिंगांची चांदी हाती येई. शेकडा २४ नफा, तोही चांदी वितळायला लागेल तेवढ्या वेळात. इंग्लंडचं नाणं देशाबाहेर नेण्याला बंदी होती, पण १६६३ पासून परदेशी चांदी नेण्याची मुभा होती. नाणं वितळवलं आणि ही चांदी स्पेनची आहे अशी शपथ घेतली की काम भागे. त्यात १६६६च्या कायद्याने टांकसाळीची पाडणावळ माफ केलेली होती आणि तो खर्च आयात दारूवरच्या जकातीतून भागवला जाई. म्हणजे लोकांच्या पैशाने नाणी पाडायची आणि ती थेट सोनारांच्या मुशीत जायची, असा हा व्यवहार चालला होता.

शिक्षेची भीती कमी नव्हती. नाणं कातरणं हा राजद्रोह होता; पुरुषाला फाशी, स्त्रीला जाळणं. एकाच सकाळी सात पुरुषांना फाशी दिलं आणि एका बाईला जाळलं, अशीही नोंद आहे. १६९५ मध्ये कातरणाऱ्याला किंवा नकली नाणी पाडणाऱ्याला दोषी ठरवून देणाऱ्यास ४० पौंडांचं बक्षीस जाहीर झालं, आणि लगेच पैशासाठी खोट्या साक्षी देणारे लोकही उभे राहिले. कातरणं मात्र थांबलं नाही. ज्या कायद्याने अर्धा शिलिंग आणि पूर्ण शिलिंग एका भावाचे ठरवले होते, तोच कायदा कातरणाऱ्याला रोज नफा मिळवून देत होता. फासावर चढणारी माणसं बदलत राहिली, नफा तसाच राहिला.

आपल्या मुलखात त्याच काळात वेगळी पद्धत होती. सराफ नाणं वाजवून, तोलून, कसोटीवर घासून पाही आणि झिजलेल्या, जुन्या किंवा परमुलखातल्या रुपयावर बट्टा लावी. पुढे पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे किती रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. ही पद्धत गरिबाच्या सोयीची मुळीच नव्हती, कारण सराफाचा शब्द शेवटचा होता आणि दर व्यवहारात त्याचा वाटा जाई. पण हलक्या नाण्याचा भाव हलकाच राही, त्यामुळे नाणं कातरून फारसं हाती लागत नसे. इंग्लंडमध्ये मोजणीवर विश्वास होता आणि तराजू बाजूला पडला होता. चोराला जागा तिथेच मिळाली.

लाऊंड्स आणि लॉक

१६८९ पासून इंग्लंड फ्रान्सशी लढत होतं. राजा विल्यम तिसरा याचं सैन्य फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, होतं, त्याचा पगार तिकडच्या बाजारात द्यायचा होता, आणि तिकडचा व्यापारी इंग्रजी नाणं दर्शनी किमतीवर घेत नव्हता, तो वजन पाहत होता. लोकांचा चांदीच्या नाण्यावरचा भरवसा इतका उडाला की २० शिलिंग किमतीची म्हणून पाडलेली सोन्याची गिनी जून १६९५ मध्ये ३० शिलिंगांना जाऊ लागली. आता काहीतरी करणं भाग होतं.

जुनी नाणी परत घेऊन यंत्रावर नवी पाडायची यावर फारसा वाद नव्हता. नव्या नाण्यात चांदी किती घालायची यावर मात्र मोठा वाद पेटला.

लाऊंड्सचं म्हणणं होतं की बाजाराने चांदीचा भाव आधीच चढवला आहे, तेव्हा सरकारने तो मान्य करावा. पाच शिलिंगांच्या क्राऊनला सव्वासहा शिलिंग म्हणावं, म्हणजेच प्रत्येक शिलिंगातली चांदी पाचव्या हिश्श्याने कमी करावी. असं केलं तर नवं नाणं वितळवण्यात फायदा राहणार नाही, गोळा झालेल्या चांदीतून जास्त नाणी निघतील, आणि भर युद्धात देशात पैशाचा दुष्काळ पडणार नाही.

याला विरोध केला तो तत्त्वज्ञ जॉन लॉक याने. त्याचा युक्तिवाद साधा आणि वाचताना पटणारा होता. नाणं म्हणजे ठरलेल्या वजनाची, ठरलेल्या कसाची चांदी. राजाचा ठसा त्या वजनाची ग्वाही देतो. लहान तुकड्याला मोठ्या तुकड्याचं नाव दिलं म्हणून त्यात चांदी वाढत नाही. ज्याने शंभर पौंड कर्जाऊ दिले आहेत त्याला शंभर पौंडांची चांदी परत मिळायला हवी. त्यातला पाचवा हिस्सा कायद्याने कापणं ही सरकारनेच केलेली कातरणी ठरेल.

लॉकच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते बोललं पाहिजे. दिलेला शब्द मोडू नये हा त्याचा आग्रह पुढे इंग्लंडची पत टिकवायला उपयोगी पडला. १७१७ नंतर पौंडाची सोन्यातली किंमत मधले काही खंड सोडले तर १९३१ पर्यंत तीच राहिली, आणि लंडनला कर्ज देणाऱ्यांचा भरवसा त्यावर उभा होता. पण १६९५ च्या बाजाराकडे पाहिलं तर लॉकचा हिशेब जमत नाही. गेल्या काही वर्षांतली कर्जं, करार, भाडी ही कातरलेल्या नाण्यांतच ठरलेली होती. ज्याने निम्म्या चांदीचे शिलिंग उसने घेतले त्याने पूर्ण चांदीचे शिलिंग परत करावेत, हा न्याय सावकाराचा होता, ऋणकोचा नव्हता. शिवाय बाहेर औंसाला ७७ पेन्स मिळत असताना ६२ पेन्सच्या हिशेबाने पाडलेलं नाणं देशात कसं थांबेल, याचं पटण्यासारखं उत्तर लॉककडे नव्हतं.

सरकारने ज्या जाणत्या लोकांची मतं मागवली त्यांत केंब्रिजचा प्राध्यापक न्यूटनही होता. त्याचा कौल लाऊंड्सच्या बाजूने, नाण्याची किंमत चढवण्याकडे होता. पण अर्थमंत्री चार्ल्स माँटेग्यू आणि पार्लमेंट यांनी लॉकचं मत स्वीकारलं. वजन जुनंच राहिलं.

४ मे

जानेवारी १६९६ मध्ये कायदा झाला. कातरलेली नाणी करापोटी खजिन्यात दर्शनी किमतीला घेतली जातील, पण ४ मे १६९६ पर्यंतच. सरकारला कर्ज म्हणून द्यायची असतील तर २४ जूनपर्यंत. त्यानंतर त्या नाण्याला फक्त त्यातल्या चांदीच्या वजनाइतकी किंमत. सरकारचा होणारा तोटा भरून काढायला घरांवर खिडकीकर बसला: प्रत्येक घरामागे दोन शिलिंग, दहा ते वीस खिडक्या असतील तर आणखी चार, वीसच्या वर असतील तर आणखी आठ. हा कर १८५१ पर्यंत चालला, आणि विटांनी बुजवलेल्या खिडक्या इंग्लंडच्या जुन्या घरांना अजूनही दिसतात.

आता ही तारीख कोणाच्या सोयीची होती ते पाहा. ज्याला मोठा कर भरायचा आहे तो जमीनदार आपली सगळी कातरलेली नाणी खजिन्यात ओतून मोकळा झाला. ज्याच्याकडे सरकारला कर्ज द्यायला पैसा आहे तो सोनार किंवा सावकार, त्याला जूनपर्यंत मुदत. लोकांकडून पडत्या भावात कातरलेले शिलिंग उचलायचे आणि खजिन्यात पूर्ण भावाने भरायचे, असा धंदाही त्याला या मुदतीत करता आला. पण शेतमजुराला, विणकराला, मासळी विकणाऱ्या बाईला थेट खजिन्याला देण्यासारखा कर किती? कायदा झाला जानेवारीत, बातमी खेड्यात पोचायला वेळ, लंडन दूर, आणि त्यांच्या गाठीला असलेले दहा-वीस शिलिंग त्यांच्या आयुष्याची बचत. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: ४ मेच्या आत मिळेल त्या भावाने विकायचे, नाहीतर नंतर वजनाने. तोटा दोन्ही वाटांनी. वर खिडकीकरातला घरटी दोन शिलिंगांचा वाटा होताच.

या तरतुदीतला अन्याय मला सगळ्यात जास्त टोचतो. कातरलेल्या चांदीचा नफा अनेकांनी तीस वर्षं खाल्ला होता. ज्याच्या हातात ते नाणं शेवटी राहिलं त्याने ते कातरलेलं नव्हतं. मजुरी म्हणून सरकारमान्य नाणं त्याने घेतलं, इतकाच त्याचा संबंध. सरकारने खेडोपाडी वसुली केंद्रं उघडून, पुरेशी मुदत देऊन, लहान रकमा आधी बदलून दिल्या असत्या तर हा तोटा सगळ्या देशात वाटला गेला असता. तशी मागणी करायला पार्लमेंटमध्ये ही माणसं नव्हती.

मग आला १६९६ चा उन्हाळा. जुनं नाणं बाद झालं होतं आणि नवं अजून पुरेसं पडलं नव्हतं. बाजारात रोजची भाजी-भाकरी घ्यायलाही चालतं नाणं नाही, दंगल होईल की काय, अशी भीती जॉन ईव्हलिन या लेखकाने त्या जूनमध्ये आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. दुकानदार उधारीवर माल देत, मालक मजुरांना चिठ्ठ्या देत. दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडसमोर मेच्या पहिल्या आठवड्यात नोटा वटवायला गर्दी लोटली आणि बँकेला पूर्ण रक्कम देणं थांबवावं लागलं. फ्लँडर्समध्ये राजाच्या सैन्याला पगार पोचत नव्हता. काही ठिकाणी दंगे झाले. माँटेग्यूने पाच आणि दहा पौंडांची सरकारी हुंडीपत्रं काढून थोडी वाट काढली, पण ज्याची मजुरीच आठवड्याला काही शिलिंग, त्याला पाच पौंडांच्या कागदाचा काय उपयोग?

टांकसाळीत न्यूटन

मार्च १६९६ मध्ये माँटेग्यूने न्यूटनला टांकसाळीच्या वॉर्डनपदावर येण्याचं पत्र लिहिलं. पद मानाचं होतं, वर्षाला सुमारे ४०० पौंडांचं, आणि फारसं काम नसलेलं, असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्ष कारभार ज्याच्या हाती होता तो टांकसाळीचा मास्टर थॉमस नील कामात लक्ष घालणारा नव्हता. न्यूटन तेव्हा ५३ वर्षांचा होता, आणि त्याने पद शोभेचं राहू दिलं नाही.

त्याने टांकसाळीतल्या प्रत्येक कामाचं निरीक्षण केलं. दोन रुळयंत्रं, त्यांवर चार माणसं, बारा घोडे, कापणारे तीन, चकत्या सपाट करणारे दोन, वजन जुळवणारे आठ, तापवणारा एक, उजळणारे तीन, कडेवर खूण उमटवणारे दोन, आणि दोन दाबयंत्रांवर चौदा मजूर: एवढ्यावर दिवसाला तीन हजार पौंड रकमेची नाणी निघतात, असा त्याचा हिशेब होता. दाबयंत्राचा दांडा फिरवणाऱ्यांच्या तालावर बाकी सगळी कामं बांधली गेली. भट्ट्या पहाटे चारला पेटत, दाब पाचपासून मध्यरात्रीपर्यंत चालत. उन्हाळा संपता संपता आठवड्याला एक लाख पौंडांची नाणी बाहेर पडू लागली. ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. चेस्टरला धूमकेतूवाला एडमंड हॅली अधिकारी म्हणून गेला. त्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली गावाचं आद्याक्षर असे. काम उरकेपर्यंत सुमारे ६८ लाख पौंडांची चांदी नव्याने पाडली गेली, आणि एकूण खर्च व तोटा २७ लाख पौंडांच्या घरात गेला.

दाबावर काम करणाऱ्या मजुरांचं नाव कुठे येत नाही. पण इतक्या वेगाने पडणाऱ्या दाबाखालून नाणं उचलून नवी चकती सरकवणाऱ्याची बोटं कायम धोक्यात असत, हेही या वेगाच्या कौतुकासोबत सांगायला हवं.

चॅलोनर

वॉर्डनचं आणखी एक काम होतं: नकली नाणी पाडणाऱ्यांना पकडून खटले भरणं. न्यूटनला ते नको होतं; हे काम माझ्यावर लादू नये असं त्याने अर्थखात्याला कळवलं. ते मान्य झालं नाही. मग तेही त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे पूर्ण ताकदीने केलं. लंडनभोवतीच्या परगण्यांत दंडाधिकाऱ्याचे अधिकार मिळवले, खबरे पोसले, दारूच्या गुत्त्यांत आणि तुरुंगांत खर्च केल्याची बिलं सरकारला लावली, स्वतः बसून शेकडो जबान्या घेतल्या.

त्याला सगळ्यात चिवट भेटला विल्यम चॅलोनर. वॉरिकशायरच्या विणकराचा मुलगा, बर्मिंगहॅमला खिळे घडवण्याच्या कामावर उमेदवार, मग लंडन. तिथे तो लाखकाम आणि मुलामा देणं शिकला, आणि ती कला त्याने नकली गिनींवर आणि पिस्तोल नावाच्या नकली फ्रेंच सोन्याच्या नाण्यांवर वापरली. ठसे खोदायला थॉमस टेलर नावाचा कारागीर, मुलाम्याच्या कामाला पॅट्रिक कॉफी नावाचा सोनार. थोड्याच वर्षांत चॅलोनरचं नाईट्सब्रिजला घर झालं, घरात चांदीची भांडी आली.

तो इतरांपेक्षा वेगळा होता तो धिटाईत. बँक ऑफ इंग्लंडच्या १०० पौंडांच्या नोटांची नक्कल केली, पकडला गेला, तर साथीदारांची नावं सांगून उलट बँकेकडूनच बक्षीस मिळवलं. नाणेसुधारणा चालू असताना त्याने पत्रकं छापली आणि १६९७ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे उभं राहून टांकसाळीतल्या भ्रष्टाचाराचे आरोप केले. नकली नाणी कशी रोखायची हे मी दाखवतो, मला टांकसाळीत येऊ द्या, अशी त्याची मागणी होती. समितीने न्यूटनला तशी सोय करून द्यायला सांगितलं. न्यूटनने त्याला आत येऊ दिलं नाही. टांकसाळीच्या अवजारांवर चॅलोनरचा डोळा होता हे त्याने ओळखलं असणार, पण पार्लमेंटसमोर झालेल्या अपमानाचाही त्यात वाटा होता असं मला वाटतं.

चॅलोनरच्या आरोपांत तथ्य मुळीच नव्हतं असंही म्हणता येत नाही. टांकसाळीचे ठसे बाहेर जात होते, त्याशिवाय इतकी हुबेहूब नक्कल झाली नसती. यंत्राच्या कडेने कातरणं जवळजवळ संपवलं, पण नकली नाणी बनवणं त्याने संपलं नाही; ती बनवायला आता कडेवर खूण उमटवणारं अवजार लागू लागलं, एवढाच फरक. म्हणून १६९७ च्या कायद्याने अशी अवजारं विनापरवाना जवळ बाळगणं हाही राजद्रोह ठरवला.

१६९७ च्या शरद ऋतूत चॅलोनर पकडला गेला, पण मुख्य साक्षीदार थॉमस हॉलोवे पैसे घेऊन स्कॉटलंडला निघून गेला आणि खटला ढासळला. न्यूटनने मग वर्षभर जाळं विणलं. १६९८ मध्ये चॅलोनरने सरकारच्या माल्ट लॉटरीच्या दहा पौंडांच्या तिकिटांची नक्कल केली आणि त्यात तो पुन्हा सापडला. या वेळी न्यूटनने एका साक्षीदारावर विसंबून न राहता जुन्या साथीदारांना, त्यांच्या बायकांना, अगदी न्यूगेट तुरुंगात त्याच्या शेजारी असलेल्या कैद्यांनाही बोलतं केलं. मार्च १६९९ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. नकली नाणी बनवल्याचे आठ-दहा वर्षांतले आरोप एकावर एक रचले गेले, आणि चॅलोनरला वकील नव्हता. निकालाला वेळ लागला नाही. तुरुंगातून त्याने न्यूटनला जिवाच्या आकांताने पत्रं लिहिली, तुमच्याशिवाय मला कोणी वाचवू शकत नाही अशी विनवणी केली. उत्तर आलं नाही. त्याच महिन्यात लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी त्याला फाशी दिलं गेलं.

नवी चांदी कुठे गेली

सगळं पार पडलं. अखंड, देखणी, एकसारखी नाणी देशभर पोचली. आणि मग ती नाहीशी व्हायला लागली.

कारण तेच जुनं. ठसा बदलला होता, भाव बदलला नव्हता. गिनीचा दर ३० वरून खाली आणताना १६९६ मध्ये तो २२ शिलिंगांवर आणला आणि १६९९ पर्यंत साडेएकवीसवर आला, तरी इंग्लंडमध्ये सोनं युरोपच्या मानाने महाग आणि चांदी स्वस्तच राहिली. व्यापारी सोनं आणून गिनी पाडून घेई आणि शिलिंग वितळवून बाहेर पाठवी. १७१७ च्या सप्टेंबरात न्यूटनने, तोवर तो टांकसाळीचा मास्टर झाला होता, अर्थखात्याला दिलेल्या अहवालात या गळतीची दिशा स्पष्ट लिहिली. चीन-जपानमध्ये एका पौंड वजनाच्या सोन्याला नऊ-दहा पौंड चांदी, हिंदुस्थानात साधारण बारा, आणि युरोपात पंधराच्या आसपास. जिथे चांदीला मान जास्त, तिकडे ती जाणारच.

या आकड्यांत आपला पश्चिम किनारा येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येणारी चांदी सुरतेला उतरत होती, मुघल टांकसाळीत रुपये होत होती आणि कापडाच्या, निळीच्या, मिऱ्याच्या मोबदल्यात देशभर पसरत होती. मुंबईत कंपनीने गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या कारकिर्दीत १६७२ मध्येच स्वतःची टांकसाळ सुरू केली होती. लंडनच्या गरिबाने ज्या पुनर्पाडणीसाठी बचत घालवली, तिच्यातली काही चांदी वितळून, नाव बदलून, पूर्वेच्या बाजारात पोचली असणार.

न्यूटनच्या अहवालानंतर गिनी २१ शिलिंगांवर आणली गेली. त्या भावानेही सोन्याला चांदीच्या सव्वापंधरा पट किंमत पडत होती, त्यामुळे गळती थांबली नाही. अठराव्या शतकात इंग्लंडच्या टांकसाळीत चांदी फारशी आलीच नाही. मोठे व्यवहार सोन्यात आणि कागदावर झाले. मजुरी द्यायला झिजलेले, गुळगुळीत झालेले शिलिंग, परदेशी नाणी आणि नकली तांब्याचे तुकडे उरले. कारखानदार स्वतःची खासगी नाणी पाडू लागले.

अखेर १८१६ मध्ये पार्लमेंटने चांदीचं वजन सोडून दिलं. नव्या कायद्याने एका ट्रॉय पौंड चांदीतून ६२ च्या जागी ६६ शिलिंग पाडायचे ठरले, आणि चांदीची नाणी ४० शिलिंगांच्या वर देणं स्वीकारण्याची सक्ती कोणावरच राहिली नाही. नाण्यातली चांदी दर्शनी किमतीपेक्षा कमी झाली, तेव्हा ते वितळवण्यात काही फायदा उरला नाही आणि शिलिंग पहिल्यांदा मजुराच्या हातात टिकून राहिला. लाऊंड्सने याच दिशेचा उपाय १६९५ च्या अहवालात, थोड्या वेगळ्या आकड्याने, लिहून दिला होता.